संपादकीय : आलास, आलीस, आलात

स्मरणिकेचे संपादकीय हे सहसा आभाराचे आणि आनंदाचे पान असते. जाहिराती देणाऱ्या दुकानदारांचे, पहाटेपासून स्वयंपाकात राबणाऱ्या भगिनींचे आणि रात्री सभागृह झाडून किल्ली परत करणाऱ्या तरुणांचे ऋण यंदाही आम्ही मानतो. ती नावे अखेरच्या पानावर आहेत. येथे मात्र अशा एका प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे की ज्याची नोंद कार्यकारिणीच्या इतिवृत्तात झालेली नाही.

गेल्या वर्षीचा भीमजयंतीचा कार्यक्रम वेंटवर्थव्हिल येथे झाला. त्रिसरण-पंचशील झाले, मुलांची भाषणे झाली, प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे अर्धा तास अधिक बोलले आणि मग भोजनाची रांग लागली. त्या रांगेत निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या एक अनोळखी भगिनी उभ्या होत्या. उंची बरीच, खांदे रुंद, आवाज किंचित जाड. प्रवेशद्वाराजवळच्या नोंदवहीत त्यांनी आपले नाव लिहिले होते आणि ते स्त्रीचे नाव होते. मेजावरील आमच्या सहकाऱ्याने चौकशी करता त्या म्हणाल्या होत्या, "मी पहिल्यांदाच आली." आमच्यापैकी नागपूरकडच्यांना हे 'आली' ऐकताच माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले असणार. तरीही रांगेपाशी एका स्वयंसेवकाने त्यांना हाक दिली ती अशी : "ओ भाऊ, तुम्ही पलीकडे या, ही लेडीजची रांग आहे." मागे दोघे-तिघे हसले. त्या काही बोलल्या नाहीत. पलीकडच्या रांगेत गेल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून जेवल्या, आपले ताट आपण उचलून ठेवले आणि सरणत्तय होण्यापूर्वीच निघून गेल्या. पुन्हा त्या आमच्या कोणत्याही कार्यक्रमास आलेल्या नाहीत.

तो स्वयंसेवक उद्धट नाही. त्या दिवशी सर्वांत अधिक खुर्च्या त्यानेच उचलल्या होत्या. म्हणूनच ही गोष्ट आम्हांस अधिक बोचते. हसणारेही कोणी परके नव्हते.

अनोळखी माणसास काय म्हणून हाक मारावी, हा प्रश्न आमच्या समाजास नवा नाही. किंबहुना आमच्या अनेक आजोबांचे आयुष्य त्या प्रश्नातच सरले. साठीच्या म्हाताऱ्यास दहा वर्षांच्या पोराने 'ए' म्हणावे, धोंडिबाचा धोंड्या आणि महादूचा म्हाद्या व्हावा, आणि उलट त्याने मात्र वाकून जोहार घालावा, हे गावगाड्याचे व्याकरण होते. जोहार टाकून 'जय भीम' म्हणू लागणे हा केवळ अभिवादनाचा बदल नव्हता. कामठीच्या बाबू हरदासांनी या दोन शब्दांचा प्रसार केला तेव्हा त्यांनी आपल्या माणसाच्या पाठीचा कणा सरळ केला, असे आम्ही दर जयंतीला सांगतो.

बाबासाहेबांनी आत्मकथनपर लेखांत नोंदविलेली १९०१ सालची मसूर स्टेशनची आठवण वाचकांस ठाऊक आहेच. वडिलांना भेटावयास निघालेली ती मुले, अंगात नीटनेटके कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तर आपुलकीने जवळ आला, चौकशी करू लागला. मुलांनी आपण महार असल्याचे सांगितले मात्र, त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे फिरला. माणसे तीच, कपडे तेच. मधे आला तो फक्त एक शब्द. पारलिंगी स्त्रीच्या वाट्यास हे मसूर स्टेशन दिवसातून कितीदा येत असेल, याचा हिशेब आम्ही कधी केला नाही. दुकानाच्या काउंटरवर 'मॅडम' म्हणून झालेला आरंभ, तिने तोंड उघडताच 'सर'वर येतो. दूरध्वनीवर तर चेहराही नसतो, केवळ आवाज. आणि त्यावर समोरचा माणूस खात्रीने 'सर' म्हणून मोकळा होतो. नाव सांगितले तरी त्याचा भरवसा नावापेक्षा स्वतःच्या कानांवर अधिक! या देशात पुरुषास 'मेट' आणि बाईस 'लव्ह' म्हणणारे अनोळखी लोक पुष्कळ भेटतात. त्यात प्रेमही असते; पण तेथेही बोलणाऱ्यास आधी निवड करावी लागतेच.

मायदेशी निवड नसते, तेथे शिव्या असतात. हिजडा, छक्का, बायल्या हे शब्द वर्गात, लोकलच्या डब्यात, नाक्यावर उच्चारले जातात आणि उच्चारणाऱ्यास त्यात काही वावगे वाटत नाही. ज्या दारात मूल जन्मले असेल त्या दारातून मात्र 'या मावशी' अशी हाक येते. आशीर्वाद हवा असला की मावशी आणि खोली भाड्याने मागितली की 'तसले लोक'. सौंदत्तीच्या वाटेवरील गावांत यल्लम्माला सोडलेल्या जोगत्यास मंगळवार-शुक्रवारी हात जोडणारे इतर दिवशी काय म्हणतात, ते राजन गवस यांच्या 'भंडारभोग'मध्ये वाचावे. देवत्व देऊन माणूसपण काढून घेण्याची ही युक्ती आम्हांस परिचित असावयास हवी. देवदासींच्या बाबतीत ती आम्ही फार जवळून पाहिली आहे.

आता आमच्या भाषेकडे वळू. मराठीत अनोळखी माणसाशी 'तू' म्हणून बोलावे तर तत्क्षणी लिंग ठरवावे लागते : तू कधी आलास, तू कधी आलीस, काय करतोस, काय करतेस. परंतु आदराने 'तुम्ही' म्हणताच ही अडचण नाहीशी होते. तुम्ही कधी आलात? काय करता? कोठे राहता? पुरुष असो वा स्त्री, क्रियापद एकच. ज्या क्षणी आम्ही समोरच्यास मान देतो, त्याच क्षणी त्याच्या देहाची तपासणी करण्याच्या कामातून भाषा आम्हांस मुक्त करते. इंग्रजीत 'यू' आहे हे खरे, पण मान द्यावयाचा तर 'सर' किंवा 'मॅडम' जोडावे लागते आणि गाडे तेथेच अडते. मराठीत मानासाठी वेगळा शब्द जोडावा लागत नाही, तो क्रियापदातच आहे. आमच्या स्वयंसेवकाने 'तुम्ही' म्हटले होतेच. 'भाऊ' हा शब्द गाळला असता तर वाक्य निर्दोष होते. (रांगा वेगळ्या कशासाठी, हा प्रश्न पुढील सर्वसाधारण सभेत आम्ही मांडणार आहोत.)

माणसाविषयी तिसऱ्याशी बोलताना मात्र मराठी सवलत देत नाही. 'ते' की 'त्या', हे ठरवावेच लागते. पण तेथेही उत्तर समोरच्याच्या मुखातच असते. इंग्रजीतील 'आय केम' ऐकून काही कळत नाही. मराठीत माणूस स्वतःविषयी बोलू लागताच 'आलो' किंवा 'आले' म्हणतो. त्या भगिनींनी 'आली' असे म्हटले होते. याहून स्पष्ट काय सांगावयास हवे होते? कोल्हापूरकडच्या आमच्या मावश्या 'मी जातो' म्हणतात आणि त्यांना कोणी भाऊ म्हणत नाही, ही गंमत जाता जाता नोंदवितो. तेथे आम्ही वाक्य सोडून माणूस पाहतो; येथे वाक्य आणि माणूस दोन्ही सोडून आवाज आणि खांदे पाहिले.

काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, हे पाश्चात्त्य खूळ आहे, धम्माशी किंवा चळवळीशी त्याचा संबंध नाही. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही दोन-तीन गोष्टी सांगतो. सुत्तनिपातातील वसलसुत्तात अग्गिक भारद्वाज भगवंतांना दुरूनच हाक मारतो. त्या हाकेत मुंडक, समणक आणि वसलक असे तीन शब्द आहेत आणि तिन्हींच्या शेवटी तुच्छतेचा 'क' आहे. आमच्या धोंड्यातला आणि बायल्यातला 'या' तोच. सगळे सुत्त त्या एका हाकेला दिलेले उत्तर आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत सोरेय्याची कथा येते. श्रेष्ठीपुत्र सोरेय्य स्त्री झाला, तक्षशिलेस त्याचा संसार झाला, पुढे तो पुन्हा पुरुष होऊन भिक्षू झाला. पिता म्हणून दोन मुले, माता म्हणून दोन मुले. लोक त्याच्याजवळ येऊन पुनःपुन्हा एकच विचारीत, कोणती मुले अधिक लाडकी? अनोळखी माणसाच्या देहाविषयी आणि खासगी आयुष्याविषयी भोचकपणे विचारण्याची खोड इतकी जुनी आहे. विनयपिटकात तर स्पष्ट प्रसंग आहे : एका भिक्षूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाले, तेव्हा तोच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तितकेच वर्षावास कायम ठेवून भिक्षुणीसंघात जाण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली. ज्येष्ठता गेली नाही. पंडकास उपसंपदा नाकारणारा नियमही त्याच विनयात आहे, हे आम्ही लपवीत नाही. त्याचा विचार विद्वान भिक्खूंनी करावा.

आणि पाश्चात्त्यांचेच म्हणाल तर खूळ नव्हे, कायदा पाश्चात्त्यांनी आणला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची आणि स्त्रीवेषात चारचौघांत दिसल्यास शिक्षा करण्याची तरतूद इंग्रज सरकारने केली होती. ज्या कायद्याने आमच्या विमुक्त बांधवांच्या कपाळी 'गुन्हेगार' हा शब्द लिहिला, तोच हा कायदा. लैंगिक विषयांवर बोलणेही पाप मानले जात असताना १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वरील खटल्यात वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, पण उभे राहिले.

२०१४ साली एक योगायोग घडला. २ एप्रिलला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने सिडनीच्या नॉरी यांच्या प्रकरणात, न्यू साउथ वेल्सच्या नोंदवहीत स्त्री वा पुरुष यांखेरीज नोंद होऊ शकते, असा निर्णय दिला. तेरा दिवसांनी, १५ एप्रिलला, म्हणजे आमच्या जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात आपले लिंग आपण ठरविण्याचा अधिकार मान्य केला. बाबासाहेबांच्या संविधानातील १४, १५, १६, १९ आणि २१ ही कलमे त्याचा पाया होती. निकालपत्राच्या आरंभीच रेल्वे स्थानके, बसथांबे, शाळा आणि रुग्णालये येथे होणाऱ्या कुचेष्टेचा उल्लेख आहे. न्यायमूर्तींनाही आरंभ तेथूनच करावासा वाटला. २०११ च्या भारतीय जनगणनेत 'इतर' या रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे मोजली गेली होती. रकान्याचे नावच 'इतर'!

रकाना ही किरकोळ बाब नव्हे. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला, तो निवडणूक अधिकाऱ्याने नाकारला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारण्याचा आदेश दिला आणि त्या निवडूनही आल्या. न्यायालयात जे मान्य झाले ते गावातील मतदारांनी मतपेटीत मान्य केले. कवयित्री दिशा पिंकी शेख यांना २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने राज्याचे प्रवक्तेपद दिले, म्हणजे आंबेडकरी राजकारणाने स्वतःच्या वतीने बोलण्याचे काम एका पारलिंगी स्त्रीकडे सोपविले. आणि आम्ही वेंटवर्थव्हिलमध्ये जेवणाची रांग ठरवीत होतो.

येथील कायदाही पुढे गेला आहे. न्यू साउथ वेल्समध्ये पारलिंगी व्यक्तींशी भेदभाव १९९६ पासून बेकायदा आहे. जन्मनोंदीत लिंग बदलण्यासाठी असलेली शस्त्रक्रियेची अट १ जुलै २०२५ पासून उठली. परंतु रांगेतल्या हाकेवर कोणता कायदा लागू पडणार? तेथे आम्हीच आहोत.

नोंदणीच्या छापील अर्जावर आजवर 'श्री./सौ./कु.' असे तीन पर्याय होते. 'सौ.' आणि 'कु.' यांनी आमच्या विधवा आणि घटस्फोटित भगिनींनाही वर्षानुवर्षे अवघडविले, हे त्या निमित्ताने ध्यानी आले. यंदाच्या अर्जावर ते तीनही काढले असून त्या जागी 'आपणांस काय म्हणावे?' अशी एक कोरी ओळ ठेवली आहे. रविवारच्या धम्मवर्गातील एका मुलीने 'जय भीम आंटी म्हटलं तर चालेल ना?' असे विचारले. चालेल, असे आम्ही सांगितले.

नोंदवहीत त्या भगिनींचा पत्ताही होता. स्वयंसेवकाने स्वतःच्या अक्षरात चार ओळींचे मराठी पत्र लिहिले, त्यात सगळीकडे 'तुम्ही' आणि 'ताई' आहे. यंदाच्या जयंतीच्या निमंत्रणासोबत ते आम्ही टपालात टाकले. स्मरणिका छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेले नाही.

— संपादक मंडळ