उजव्या कोपऱ्यांतील नांव

व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील एचिंग पद्धतीचे अनेक ठसे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें जतन केलेले आहेत. त्यांत रोमन जीवनाचे प्रसंगही आढळतात. संगमरवरी बांक व त्यावर विसावलेल्या स्त्रिया पाहून रसिक सहज म्हणतो, "हें आल्मा-टाडेमाचें चित्र!" तें खरें, पण अर्धेंच खरें.

लॉरेन्स आल्मा-टाडेमा (१८३६–१९१२) हा जन्मानें डच. १८६३ मध्यें त्यानें पाँपेईचे अवशेष पाहिले. १८७० पासून तो लंडनवासी झाला. त्याचीं तैलचित्रें धनिकांनीं घेतलीं; इतरांस त्यांचें दर्शन घडलें तें बहुधा ठशांतून. असे ठसे करणारांपैकीं एक लिओपोल्ड लोवेनस्टाम (१८४२–१८९८), तोही डचच.

हें काम मोठें चिकाटीचें. तांब्याच्या पत्र्यास मेणाचा लेप देऊन सुईनें रेखाटावयाचें व पत्रा अम्लांत ठेवावयाचा. जेथें लेप निघाला असेल तेथेंच अम्ल तांबें खातें. फिकी रेघ लौकर रोगणानें झांकावयाची, गडद रेघ अधिक वेळ खाऊं द्यावयाची. मग खांचांत शाई भरून ओलसर कागदावर ठसा घ्यावयाचा. तो उलटा उमटतो, म्हणून मूळ चित्र डावें-उजवें पालटून रेखाटावें लागतें. शिवाय हातीं रंग नाहींत! समुद्राची निळाई रेषांच्या दाटीनें सुचवावयाची, आणि संगमरवराच्या शुभ्रतेसाठीं हात आवरून कागद कोराच ठेवावयाचा.

ही एक प्रकारची टीकाच होय. मल्लिनाथानें कालिदासाचें काव्य उलगडलें, तसें येथें रंगाचें मर्म रेषेनें उलगडावयाचें. भेद एवढाच कीं, मल्लिनाथाचें नांव आपण आदरानें घेतों. लोवेनस्टामचें कोण घेतो?

खुद्द आल्मा-टाडेमास मात्र त्याची योग्यता ठाऊक होती. १८८३ मध्यें त्यानें आपल्या या मित्राचें, तो कामांत गढलेला असतांनाचें, चित्र काढलें. १८८४ मध्यें तें रॉयल ॲकॅडमींत मांडलें गेलें. पुढें तें दृष्टीआड झालें, आणि २०१६ मध्यें ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमामुळें पुन्हां लोकांपुढें आलें.

त्या काळच्या निवडक प्रतींवर खालीं डावीकडे चित्रकाराची आणि उजवीकडे ठसेकाराची, अशा पेन्सिलीच्या दोन सह्या असत. श्रेय लपविलेलें नव्हतें. आपली दृष्टीच डावीकडे थांबते. संग्रहालयांत जाल तेव्हां ती उजव्या कोपऱ्यापर्यंत न्यावी, एवढेंच सुचवावेंसें वाटतें.