आधी घर, मग हप्ता

जानेवारीत हप्त्याची तारीख येते तेव्हा धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर घरांना कुलूप असतं. कर्ती माणसं दिवाळी उरकून बारडोली-सुरतच्या बाजूला ऊसतोडीला गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत परमुलखातल्या उसाच्या फडाकडेला संसार. पैसा दिसतो तो हंगाम संपून हिशेब झाल्यावर, उन्हाळ्यात. मागे राहिलेली म्हातारी माणसं मोहाची फुलं वेचतात, पुढे कैऱ्या सोलून आमचूर वाळवतात. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात कुटुंबाचं आर्थिक वर्ष असं चालतं. अशा घराला दरमहा २,००० रुपयांची, २० वर्षं चालवायची पॉलिसी विकणारा माणूस स्वतःला आर्थिक सल्लागार म्हणवतो. ती दोन वर्षांत बंद पडली की दोष घरावर येतो: या लोकांना शिस्त नाही.

हा दोष खोटा आहे, आणि तो खोटा का हे एकदा मुद्द्याने सांगायला हवं. प्रश्न फक्त डोंगरातल्या घरांचा नाही. शहाद्याचा पपई-केळीवाला शेतकरी, नंदुरबारच्या मिरची पथारीवर मजुरी करणारी बाई, नवापूरच्या आश्रमशाळेतला शिक्षक यांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. तरी त्यांच्यापुढे येणारा कागद पुष्कळदा एकच असतो. घरात आधी काय हवं, कर्ज किती, आजारी कोण, पैसा कोणत्या महिन्यात येतो, हे न विचारताच तो कागद पुढे सरकवला जातो. या रीतीच्या बाजूने चार युक्तिवाद नेहमी केले जातात. ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद: लोकांच्या हातात पैसा टिकत नाही, म्हणून सक्तीची बचत हवी, पॉलिसी मोडता येत नाही हाच तिचा गुण.

पैसा टिकत नाही, हे गृहीतकच चूक आहे. भिल्ल आणि पावरा बायकांच्या अंगावरची चांदी ही बचतच आहे. दारातल्या शेळ्या ही बचत आहे, आणि अडीनडीला एक शेळी आठवडे बाजारात विकता येते. २०११ पासून राज्यात 'उमेद' अभियान सुरू आहे. त्यातले महिला बचत गट पंचसूत्रीवर चालतात: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. शिस्त म्हणतात ती हीच. फरक एवढाच की गटात कर्ज कशाला हवं हे बाई स्वतः सांगते. बियाण्याला, दवाखान्याला की पोराच्या फीला, ते ऐकून गट निर्णय घेतो.

आता मोडता न येणारी पॉलिसी प्रत्यक्षात काय करते ते आकड्यांत पाहावं. समजा, वर्षाला २४,००० रुपये हप्त्याची पारंपरिक पॉलिसी २०२२ मध्ये घेतली. दोन वर्षांत ४८,००० रुपये भरले आणि तिसऱ्या वर्षी हात आखडला. त्या वेळच्या नियमांनुसार दोन वर्षांनी परत मिळण्याची किमान हमी होती भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के, म्हणजे १४,४०० रुपये. ३३,६०० रुपये गेले. एकच वर्ष भरून थांबलेल्याच्या हातात तर काहीच पडत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम सुधारले आणि एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यालाही काही रक्कम मिळू लागली. पण आधीच्या पॉलिसींची झीज त्याने भरून येत नाही. आणि बेशिस्तीचं म्हणाल, तर देशभरातल्या आयुर्विम्यात, पॉलिसींच्या संख्येवर मोजलं तर, पाच वर्षांनंतर निम्म्याच्या आसपासच पॉलिसी चालू उरतात. यात पुण्या-मुंबईचे पगारदारही आले. निम्मी गिऱ्हाइकं जी वस्तू अर्ध्यावर टाकतात, तिच्या विक्रीतच दोष आहे.

दुसरा युक्तिवाद जास्त प्रतिष्ठित आहे: कुटुंबाचे अग्रक्रम भावनेचे असतात, सल्लागार मात्र आकडे पाहतो.

मग आकडेच पाहू. दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीवरच्या अभ्यासांत मुकादमाच्या उचलीवर ५० टक्क्यांपर्यंत व्याज लागल्याची नोंद आहे. दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीचा परतावा वर्षाला साधारण पाच-सहा टक्के पडतो. बाई म्हणते, "आधी उचल फेडू द्या, मग बघू." सल्लागाराला हे टाळणं वाटतं. पन्नास टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून पाच-सहा टक्क्यांसाठी पैसे अडकवू नयेत, हा तिचा निर्णय गणिताने शंभर टक्के बरोबर आहे. सिकलसेलचा रुग्ण घरात असेल, आणि या जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ आहेत, तर हाताशी रोख असणं ही पहिली गरज ठरते. रात्री अंगदुखीचा झटका आला की गाडीभाडं तेव्हाच लागतं, २० वर्षांनी मिळणारा बोनस तिथे कामाचा नाही. मुलाच्या लग्नातलं देज, म्हणजे वधूमूल्यही, खर्चाच्या यादीत सहज तळाला ढकललं जातं. पण ते चुकतं करून जोडलेली सोयरीक पुढे नांगरणीला, आजारपणाला, उसन्या धान्याला धावून येते. ज्या मुलखात बँक कोसावर आहे तिथे नातं हाच आधार असतो.

घराचा अग्रक्रम तज्ज्ञाच्या सोयीपेक्षा शहाणा ठरतो, याचा मोठा दाखला याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आहे. सरदार सरोवराने अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, हे तत्त्व घातलं आणि सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानला. इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं जमिनीचाच आग्रह धरला. नदीपलीकडे मध्य प्रदेशात मात्र जमिनीऐवजी रोख रकमेचं पॅकेज आलं, त्याभोवती दलाल उभे राहिले आणि बनावट खरेदीखतं झाली. उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती झा आयोगाने २०१६ च्या अहवालात अशी दीड हजाराहून जास्त खोटी खरेदीखतं नोंदवली. रोख घेणं सोयीचं, हा सल्ला कागदावर नीट दिसत होता. जमीन मागणाऱ्यांना आपली गरज त्यापेक्षा बरी कळत होती.

तिसरा युक्तिवाद: सल्ला फुकट आहे, घराने त्याचे पैसे दिलेलेच नाहीत.

घराने पैसे दिलेले असतात, फक्त ते पावतीवर दिसत नाहीत. दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक विकणाऱ्याकडे जाणं, ही अनेक वर्षं चालत आलेली रीत आहे. पुढच्या वर्षांत हा वाटा झपाट्याने उतरतो. म्हणजे पॉलिसी विकली जाण्यात जेवढा लाभ आहे, तेवढा ती टिकण्यात नाही. उलट उचल फेडली तर कोणालाच कमिशन मिळत नाही. बचत गटात पैसे ठेवले, बियाणं रोखीने घेतलं, तरी मिळत नाही. म्हणून घराच्या यादीत जे सर्वांत वर असतं, ते अशा सल्लागाराच्या यादीत नसतंच. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी २००४-०५ ते २०११-१२ या काळातल्या युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसींचा हिशेब मांडला. बंद पडलेल्या पॉलिसींमुळे गुंतवणूकदारांचं सुमारे दीड लाख कोटी रुपयांचं नुकसान झालं, असा त्यांचा अंदाज आहे. ही 'फुकट' सल्ल्याची देशाने मोजलेली किंमत. भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीने १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडातलं प्रवेशशुल्क बंद केलं, त्यामागे हेच कारण होतं: सल्ल्याची किंमत गिऱ्हाइकाला उघड कळावी.

चौथा युक्तिवाद सर्वांत कठोर आहे: सही तुमची आहे, अंगठा तुमचा आहे.

नंदुरबारला हे वाक्य नवं नाही. अंगठ्याच्या बळावर इथल्या आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या, तेव्हाही हेच म्हटलं गेलं होतं. त्याविरुद्ध आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने शहादा परिसरात चळवळ उभी राहिली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. पुढे आदिवासींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा राज्याने केला. अंगठा उमटला म्हणजे व्यवहार न्याय्य झाला, हे राज्याने तेव्हाच नाकारलं आहे. याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आता अंगठा यंत्रावर उमटतो, पण त्यासमोरचा अर्ज अजूनही पुष्कळदा इंग्रजीतच असतो आणि तो भरतो विकणाराच. उत्पन्नाच्या रकान्यात तो काय लिहितो, 'गरज' या रकान्यासमोर कुठे खूण करतो, हे घराला कळत नाही. अशा सहीचा आधार घेऊन कोणी जबाबदारी झटकू नये.

या चारही युक्तिवादांपलीकडे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जिथे बँकेची शाखा पोचली नाही तिथे पायवाट तुडवत एजंट पोचले आहेत. मृत्यूनंतर दाव्याची रक्कम मिळवून देण्यासाठी वारसाबरोबर हेलपाटे घालणारेही त्यांच्यात आहेत. विमा नको, असं इथे कोणी म्हणत नाही. कर्ता माणूस गेल्यावर उघड्यावर पडणाऱ्या घरालाच विमा सर्वांत जास्त हवा. वाद आहे तो क्रमाचा, आणि क्रम ठरवण्याचा हक्क कोणाचा याचा.

हा हक्क घराचा आहे. सल्ला तिथूनच सुरू झाला पाहिजे.

ऊसतोडीवरून परतलेल्या घराचा क्रम असा लागू शकतो. सर्वांत आधी उचल आणि सावकारी देणं. मग दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी: बँकेत, टपाल खात्यात किंवा गटात. त्यानंतर स्वस्त संरक्षण. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं आयुर्विमा कवच मिळतं, सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती कवच. दोन्हींचे मिळून ४५६ रुपये मे महिनाअखेर खात्यातून कापले जातात, म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत या घराकडे पैसा असतो त्याच दिवसांत. दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला किमान २५० रुपयांवर चालू राहतं. चांगल्या वर्षी जास्त भरावं, वाईट वर्षी कमी. एवढं झाल्यावर जे उरेल त्याची दीर्घ मुदतीची गुंतवणूक. पपईचा शेतकरी किंवा पगारदार शिक्षक यांचा क्रम वेगळा असेल, मोठ्या रकमेचा निव्वळ मुदत विमा त्यांना परवडेल. पण पद्धत तीच: आधी घराची यादी, मग बाजारातला कागद.

ही यादी करताना घरातली बाई बसली पाहिजे. पैसा कशावर जातो हे तिला सर्वांत नीट माहीत असतं, आणि सल्लागार बहुधा ओटीवर पुरुषाशीच बोलून उठतो.

सल्लागार यादी ऐकूनच घेत नसेल, तर घराने भिडेपोटी गप्प बसू नये. एजंट पुष्कळदा नात्यातला, गावातला, कधी मुलाचा शिक्षक असतो. तरी तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं मराठीत लिहून घ्यावीत. दोन वर्षांनी हप्ता थांबला तर परत किती मिळेल? यात तुमचं कमिशन किती? आमच्या यादीतली कोणती गरज यातून भागते? स्वतःला गुंतवणूक सल्लागार म्हणवणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागावा. २०१३ च्या नियमांनुसार अशा नोंदणीकृत सल्लागाराने ग्राहकाचं उत्पन्न, उद्दिष्टं आणि जोखीम सोसण्याची ताकद तपासून त्याच्या हिताचाच सल्ला द्यायचा असतो. देशभरात असे सल्लागार जेमतेम हजाराच्या आसपास आहेत, आणि एकट्या आयुर्विमा महामंडळाचे एजंट तेरा लाखांहून अधिक. दारात आलेला माणूस बहुधा विक्रेता असतो, हे या दोन आकड्यांवरून कळतं. विक्रेता असणं गैर नाही, सल्लागाराचं नाव लावून विकणं गैर आहे.

फसगत झाली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, शुल्कही नाही.

आणि ज्यांच्या घरात नवी पॉलिसी नुकतीच आली आहे, त्यांनी आजच ट्रंकेतून तो बाँड बाहेर काढावा. तो कोणत्या तारखेला हाती आला ते आठवावं आणि शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून त्यातली हप्त्याची मुदत वाचून घ्यावी. घराच्या यादीशी तो जुळत नसेल, तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत तो परत करता येतो. मधल्या दिवसांच्या विम्याची किंमत, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक यांचा किरकोळ खर्च वजा करून कंपनीला पैसे परत द्यावे लागतात.