शुक्रवार रात्रीचा शॉर्टकट

बायको बंगलोरला, मी पुण्यात. लग्नाला दीड वर्ष झालं आणि आमचा संसार शुक्रवार रात्रीच्या स्लीपर बसवर चाललाय. साडेआठशे किलोमीटर! बस साताऱ्यापुढे रेंगाळली की मला हमखास वर्महोल आठवतं. कागद दुमडा, भोक पाडा, आणि तिच्याकडची इडली गरम असताना पोचा.

मागच्या खेपेला झोप येईना म्हणून नीट वाचायला घेतलं. निराशा झाली, राव. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्येच असा पूल कागदावर मांडला होता. पण १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी हिशेब केला, तेव्हा कळलं की तो पूल इतक्या झटक्यात मिटतो की प्रकाशालाही पलीकडे जायला सवड मिळत नाही.

मग कार्ल सेगनला 'कॉन्टॅक्ट' या कादंबरीतल्या नायिकेला लांब पाठवायचं होतं. त्याने किप थॉर्नला गाठलं. थॉर्न आणि त्याचा विद्यार्थी मॉरिस यांनी १९८८ मध्ये माणूस आरपार जाईल असं वर्महोल बेतलं. अट एकच, त्याचा घसा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा हवी. ती आणायची कुठून? २००३ मध्ये व्हिसर, सायन कर आणि आपल्या पुण्याच्या 'आयुका'तले नरेश दधिच यांनी दाखवलं, की आकार नीट निवडला तर असला ऐवज हवा तितका कमी लागतो. (काटकसरीत पुण्याचा वाटा नसता तरच नवल.) शून्यावर मात्र भागत नाही.

खरी गोम पुढेच आहे. २००२ मध्ये शिंकाई आणि हेवर्ड यांनी कॉम्प्युटरवर एक वर्महोल चालवून पाहिलं. ऋण ऊर्जा जास्त झाली तर ते फुगत सुटतं. आणि तुमच्याआमच्यासारखा साधा प्रवासी आत शिरला, तर घसा आवळून थेट कृष्णविवर! म्हणजे रस्ता रिकामा आहे तोवरच उघडा. अगदी मोजूनमापून जादा ऋण ऊर्जा सोडत राहिलं तर टिकतं, पण काही काळच.

इथे मी मोबाइल उपडा ठेवला. आमचीही मुदत मार्चपर्यंतच आहे. नोकरी कुणी सोडायची हे तोवर ठरवायचंय, आणि दर रविवारी तो विषय निघाला की आम्ही दोघंही अचानक भांडी घासायला उठतो.

थोड्या वेळाने पुन्हा वाचायला लागलो. २०१८ मध्ये माल्दासेना आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न कोसळणारं वर्महोल मांडलंय. फक्त त्यातून जायला बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे तिला लगेच मेसेज केलं. रात्रीचा एक वाजून गेला होता, तरी जागीच होती.

"म्हणजे ही बसच की रे. कुठे पोचलास?"

"निपाणी."

"ये. उद्या बोलू. भांडी मी आजच घासून ठेवलीत."