डावा मोजा, उजवा मोजा

परवां एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलाच्या अंगठ्याचें नख मांसांत रुतून बोट सुजलें होतें, म्हणून त्यांनीं डाव्या व उजव्या पायांकरितां निरनिराळे विणलेले मोजे आणिले होते. एकावर 'एल्' व दुसऱ्यावर 'आर्' हीं अक्षरें होतीं. "मास्तर, शाळेनें सर्वच मुलांना असे मोजे लावून द्यावे," असें त्यांचें म्हणणें. जवळच उभे असलेले दुसरे एक पालक हंसून म्हणाले, "आतां मोज्यांतही उजवें-डावें आलें काय!" दोघांचेंही म्हणणें आम्हांस अर्धेंच पटलें.

हंसणाऱ्या गृहस्थांनीं आधीं स्वतःच्या पावलाकडे पाहावें. पावलाचें टोंक मध्यभागीं नसून अंगठ्याच्या बाजूस असतें. नेहमींचा मोजा मात्र मध्यावर निमुळता होतो. त्यामुळें तो अंगठ्यावर ताणला जातो आणि करंगळीपाशीं त्याची चुणी पडते. लांब धांवणाऱ्याच्या पायास अशा चुणीनें फोड येतो, आणि म्हणूनच जर्मनीतील फाल्के कारखान्याचे धांवपटूंचे मोजे डावे-उजवे असतात. शिवाय ही युक्ति कांहीं आजची नव्हे. जपानी लोकांच्या 'ताबी' नांवाच्या मोज्यांत अंगठ्यास निराळें घर असतें. अर्थातच डाव्या पायाचा मोजा उजव्यास चालत नाहीं. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें ईजिप्तांतील अँटिनोपोलिस येथें सांपडलेला, सुमारें १७०० वर्षांपूर्वींचा, एका लहान मुलाचा पट्ट्यापट्ट्यांचा लोंकरी मोजा आहे. तोही अंगठ्यास निराळें घर असलेला, डाव्या पायाचा. २०१८ सालीं त्याच्या रंगांची तपासणी झाली, तेव्हां अवघ्या तीन वनस्पतींच्या रंगांतून त्याच्या साऱ्या छटा साधल्या आहेत असें आढळलें. विणणारानें रंगांइतकेंच त्या मुलाच्या पायाकडेही लक्ष दिलें होतें.

तरीही शाळेनें सक्ति करावी, हें आम्हांस मान्य नाहीं. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपांत बूटसुद्धां बहुधा दोन्ही पायांस एकाच सांच्यावरून करीत. पुढें एकोणिसाव्या शतकांत डावे-उजवे सांचे रूढ झाले, तें योग्यच झालें. पण कातडें हट्टी असतें, विणलेलें सूत पायाचें ऐकतें.

आणि घरखर्चाचें गणित पाहा. सारख्या मोज्यांचे तीन जोड, म्हणजे सहा मोजे घेतले, तर त्यांतले कोणतेही चार हरवले तरी एक जोड उरतोच. डावे-उजवे घेतले आणि तिन्ही डावे हरवले, तर उरलेल्या तीन उजव्यांचा एकही जोड होत नाहीं. (मुलांच्या हातून मोजे कसे नाहींसे होतात, हें आयांस विचारावें.) सारखे मोजे पाय बदलून घालतां येतात, त्यामुळें अंगठ्याचा घांस रोज एकाच जागीं लागत नाहीं. चार मुलांच्या घरांत ही कांहीं थोडी बचत नव्हे.

त्या मुलाचे जुने मोजे आम्हीं मागवून पाहिले. ते दोन वर्षांपूर्वींचे होते, आणि पाय मधल्या काळांत चांगलाच वाढला होता. दुखण्याचें मूळ बहुधा तेथेंच असावें. मोजा घालून उभें राहिल्यावर पांचही बोटें मोकळेपणीं हलवतां आलीं, कीं तो मोजा डावा कीं उजवा, हा प्रश्न शाळकरी मुलास फारसा पडत नाहीं. मोजे घेतांना मुलाला बरोबर न्यावें, एवढीच आमची पालकांस विनंती.

आणलेले मोजे त्या विद्यार्थ्यानें अवश्य वापरावे. मात्र धुण्यांत टाकतांना ते एकांत एक गुंतवून टाकावे.