कागदाची भाषा

शेतजमिनीचा हक्क, पिकाचा भाव आणि नुकसानीची भरपाई शेवटी कागदावर ठरते. तो कागद कोणत्या भाषेत आहे, यावर शेतकऱ्याला त्याबाबत बोलता येईल की नाही, हे अवलंबून असते. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीच्या परिसरात हे विशेष जाणवते, कारण हा मुलूख दोन राजवटींच्या शिवेवर आहे. पलीकडे बुलढाणा जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड. तो १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि तिथल्या शाळा-कचेऱ्यांत मराठी रुळली. अलीकडचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. शिवेच्या दोन्ही बाजूंना बोली जवळपास सारखी, पण अलीकडच्या शेतकऱ्याला कचेरीतला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा सिंचन आणि रस्त्यांपाशी थांबते. कारभाराच्या परक्या भाषेने झालेले नुकसान तिच्यात क्वचितच मोजले जाते.

ते नुकसान आजही संपलेले नाही. जालना जिल्ह्यातच, अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटी येथे १ सप्टेंबर २०२३ रोजी आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न राज्यभर पेटला. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठा कुटुंबांना कुणबी म्हणून आरक्षण मिळण्यासाठी निजामकालीन दफ्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम तिच्याकडे आले. या नोंदी मोडी, उर्दू आणि फारसीत होत्या. खापरपणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे खापरपणतूला वाचता येत नव्हते. त्यासाठी जाणकार शोधावे लागले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर आधार म्हणून स्वीकारले. या आरक्षणाबद्दल मत काहीही असो, एवढ्या मोठ्या समाजाचा हक्क ठरवणारी दफ्तरे पंचाहत्तर वर्षे बहुतांशी लिप्यंतराविना पडून राहावीत, ही राज्याची गंभीर हेळसांड आहे. मोडी वाचणारे तयार करणे हे फार खर्चाचे काम नव्हते.

भावाचा कागद आणखी दूर लिहिला जातो. कापूस, सोयाबीन, मका आणि तूर ही या भागाची पिके. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. त्याच हंगामात, १९ ऑगस्ट २०२५ पासून, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवण्यात आले. आधी ही सवलत सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. म्हणजे वेचणीचा आणि विक्रीचा ऐन काळ तिच्यात आला. त्याआधी मे महिन्याच्या शेवटी कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केले गेले होते, आणि सोयाबीनचा बाजार तेलाच्या भावाशी बांधलेला असतो. असे आदेश भारताच्या राजपत्रात हिंदी आणि इंग्रजीत निघतात. व्यापाऱ्याला त्यांचा अर्थ त्याच दिवशी कळतो. मोंढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो पडलेल्या भावातून कळतो.

पीक विम्याचे शासन निर्णय मात्र मराठीत असतात. तरीही अडचण राहतेच. २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एका रुपयात विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सोय बंद झाली आणि खरीप अन्नधान्य व गळीत पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता आला. याहून मोठा बदल भरपाईच्या आधारात झाला. गारपीट किंवा शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीची वैयक्तिक पाहणी वगळली गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. निर्णयात ‘उंबरठा उत्पन्न’ असा शब्द येतो. मागच्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांचे सरासरी उत्पन्न काढायचे आणि त्याचा ठरलेला हिस्सा, म्हणजे महाराष्ट्रात ७० टक्के, धरायचा. प्रयोगात निघालेले महसूल मंडळाचे उत्पन्न त्याच्या खाली गेले तरच पैसे मिळतात. एका शेतकऱ्याचे पीक वाहून गेले, पण मंडळाचे बरे आले, तर त्याच्या हाती काही येत नाही. एवढी साधी गोष्ट शासनाच्या मराठीत सरळ लिहिलेली सापडत नाही.

भाषेचे राजकारण मात्र वेगळ्याच ठिकाणी तापले. १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा झाली. विरोध वाढल्यावर २९ जूनला तो आणि नंतरचा सुधारित निर्णय दोन्ही मागे घेतले गेले. पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा न लादणे योग्यच होते. पण त्या मुलाच्या बापाला विम्याचा आणि आयातीचा कागद कळावा, यासाठी एकाही पक्षाने तसा जोर लावला नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि तो राज्याच्या कारभाराला लागू होतो. केंद्राच्या अधिसूचना त्याच्या कक्षेबाहेर आहेत. मात्र त्यांचा मराठी अनुवाद त्याच दिवशी बाजार समितीच्या फलकावर लावण्याचा आदेश राज्याच्या पणन खात्याला देता येतो, आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.