मिरवणुकीत हजार, ग्रामसभेत चार!

14 एप्रिलच्या रात्री वस्तीत पाय ठेवायला जागा नसते. निळे झेंडे, निळे फेटे, रोषणाई, डीजे. महिनाभर आधीपासून पोरं वर्गणी मागत फिरतात आणि पै-पैचा हिशेब चोख ठेवतात. मग येतो 1 मे. बहुतेक गावांत त्या दिवशी ग्रामसभा असते. तिथे आपल्या वस्तीतले किती जण दिसतात? चार. त्यातले दोघे सरपंचाच्या गाडीतून फिरणारे.

जयंती करू नका, असं आम्ही म्हणत नाही. ज्यांना वर्षभर सगळ्यांचा दणदणाट चालतो आणि फक्त आमच्या जयंतीला कानात बोळे घालावेसे वाटतात, त्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. आमचा प्रश्न आपल्याच पोरांना आहे. जो पोरगा दहा हजारांच्या वर्गणीचा हिशेब मागतो, तो वस्तीच्या नावावर येणाऱ्या लाखांच्या निधीचा हिशेब का मागत नाही?

महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळालेला होता! पण तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी आपल्या माणसांच्या ओठाला लागलं नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत गेले, तेव्हा ते लागलं. त्याबद्दल आपल्या लोकांनी मार खाल्ला. पुढे नगरपालिकेने ठराव फिरवला, प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल 1937 साली आपल्या बाजूने लागला. ठराव, सत्याग्रह, कोर्ट या तिन्ही आघाड्या बाबासाहेबांनी लढवल्या. आपण मात्र दरवर्षी क्रांतिस्तंभासमोर सेल्फी काढतो आणि आपल्याच ग्रामपंचायतीचं ठरावाचं पुस्तक उघडून बघत नाही.

तिथे काय चालतं, ते समजून घ्या. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असले की गणपूर्ती होते. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. इथेच खरी मेख आहे. पंधरा-वीस जण बसतात, चहा होतो, सह्या होतात आणि वर्षभराची कामं 'सर्वानुमते' मंजूर! त्या 'सर्वां'मध्ये आपण नसतो.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची वेगळी योजना आहे. जुनी माणसं तिला आजही दलित वस्ती सुधार म्हणतात. या पैशातून रस्ता, गटार, पाणी, दिवे, समाजमंदिर व्हायला हवं. आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा काय दिसतं? निधी वस्तीचा, पण काँक्रीट भलत्याच आळीत. हायमास्टचा खांब वस्तीच्या वेशीवर आणि उजेड दुसऱ्याच्या अंगणात. पावसाळ्यात आमची आई घोटाभर पाण्यातून चालते आणि कागदावर तिच्या दारातलं गटार कधीच पूर्ण झालेलं असतं.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच गावावर कडाडून टीका केली होती ना? होय, केली होती. 1932 साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी दलितांसाठी राखीव जागा मागितल्या. आपल्या माणसांशिवायची पंचायत म्हणजे आपल्याच गळ्याभोवतीचा फास, हे त्यांना दिसत होतं. आपल्याला आत शिरता यावं, म्हणून ते लढले. आज ग्रामपंचायतीत राखीव जागा आहेत. 73 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. दार उघडं आहे आणि आपण ओट्यावर बसून मोबाइल बघतोय!

राखीव जागेवरही काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. खुर्चीत माणूस आपला आणि शिक्का पाटलाच्या वाड्यात. मग आपण त्या माणसाला शिव्या घालतो. पण तो एकटा का पडला? निवडून आल्यानंतर त्याच्या मागे वस्ती कितीदा उभी राहिली? पाठीशी कोणी नसेल, तर तो वाड्याकडेच जाणार.

'बोललं तर मार पडेल, काम बंद होईल.' ही भीती खोटी नाही. ज्याचं पोट मालकाच्या शेतावर आहे, त्याला आम्ही शहरात बसून शौर्य शिकवणार नाही. म्हणून सांगतो, एकट्याने जाऊ नका. वीस जण जा, बायकांना पुढच्या रांगेत बसवा, बोलणं लेखी द्या आणि पोच घ्या. पंचायतीतल्या आपल्या सदस्याला कामात अडवणं हा अॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे. हे कायदे आपोआप चालत नाहीत, पण संघटित वस्तीच्या हातात आले की धार दाखवतात.

शहरातल्या मित्रांनी हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार हाकला. नगरसेवक नाही, सभागृह नाही. आपल्यापैकी किती जणांनी त्यावर तोंड उघडलं? झोपडपट्टीतल्या नळाचं पाणी गेलं की मात्र 'साहेबांना' फोन.

आता काय करायचं? वस्तीतल्या प्रत्येक 18 वर्षांच्या मुलामुलीचं नाव मतदार यादीत आहे का ते तपासा, नसेल तर 6 नंबरचा फॉर्म भरा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर मोबाइलवर दिसतो, तो वस्तीत मोठ्याने वाचा. माहिती अधिकाराचा अर्ज करा: मागच्या तीन वर्षांत 15 टक्क्यांचा खर्च कशावर झाला? दहा रुपये फी आणि 30 दिवसांची मुदत. उत्तर नाही आलं तर अपील. आणि पुढच्या ग्रामसभेला जा. इतिवृत्तात आपला मुद्दा लिहिला जाईपर्यंत उठू नका.

एका मिरवणुकीच्या खर्चात असे शेकडो अर्ज होतात. पुढच्या 14 एप्रिलला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार जरूर घाला. पण त्याच मंचावर वस्तीच्या निधीचा हिशेब वाचून दाखवा. ज्या मंडळाला तो वाचता येणार नाही, त्याला आम्ही वर्गणी देणार नाही.

जयभीम!