हुरड्याचे गिऱ्हाईक आणि फोनमधले तारे

कपाशीचा भाव आम्ही ठरवत नाही, वाळलेल्या ज्वारीचाही नाही. हुरड्याचा मात्र ठरवतो. तीच कणसे कोवळी असताना आगटीत भाजली, हातावर चोळून दिली, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही ठेवले, की माणशी दर शेतकरी सांगतो आणि शहरातले गिऱ्हाईक तो मोजते.

पण हे गिऱ्हाईक बांधापर्यंत येते कसे? फोनवर 'हुरडा पार्टी' असे शोधते. नकाशा उघडतो, वर दोन-तीन नावे येतात, त्यातल्याच एकाकडे गाडी वळते. खालच्यांची आगटी पेटलेली असली तरी तिकडे कोणी फिरकत नाही. आडत्या मधून गेला, पण त्याच्या जागी ही यादी येऊन बसली. ती कशी लागते हे समजून न घेता धंदा करणे म्हणजे काटा न पाहता माप घालणे आहे.

गुगल स्वतःच तीन गोष्टी सांगते : शोधलेल्या शब्दांशी जुळणारी माहिती, अंतर आणि प्रसिद्धी. पैसे भरून या क्रमात वर जाता येत नाही. (जाहिरातीची जागा निराळी, ती विकत मिळते.) अंतराचे आपण काही करू शकत नाही, शेत उचलून पुण्याच्या वेशीवर नेता येत नाही. प्रसिद्धीत मात्र आलेल्या माणसांचे अभिप्राय धरले जातात, किती आले आणि तारे किती पडले तेही. कोरडवाहू रानाच्या हाती आहे ते एवढेच, आणि ते फुकट आहे.

शेताची नोंद नकाशावर मोफत होते. तिथून अभिप्रायाचा दुवा आणि क्यूआर कोड मिळतो. तो कागदावर छापून आगटीजवळ लावावा आणि निघताना प्रत्येकाला सांगावे, "दादा, ताई, जसे वाटले तसे लिहा." खूश दिसला त्यालाच सांगायचे, नाराज दिसला त्याला गाडीपर्यंत पोचवायचे, ही लबाडी नियमात बसत नाही. पाच ताऱ्यांच्या बदल्यात शेरभर हुरडा देणेही बसत नाही. 'छान' या एका शब्दापेक्षा गुळभेंडी होती, बैलगाडी होती, रस्ता शेवटी कच्चा आहे, असे लिहिलेले जास्त कामाचे. पुढचा माणूस तेच शब्द घालून शोधत असतो.

वाईट अभिप्राय पुसता येत नाही. खोटा किंवा शिवीगाळीचा असेल तर तक्रार करता येते, खरा असेल तर उत्तर द्यावे : पाणी कमी पडले, यंदा टाकी वाढवली. भांडू नये. तुमचे उत्तर त्या एका माणसासाठी नसते, मागून वाचणाऱ्या शंभरांसाठी असते.

आता शहरातले दलाल ताऱ्यांचे गठ्ठे विकायला येतात. कपाशीवर पाणी मारून वजन वाढवणाऱ्याला आम्ही काय म्हणतो? हा तोच प्रकार. पकडले गेले तर ते अभिप्राय उडतात, नवे घेणेही काही काळ बंद होऊ शकते. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक ठेवले. अमेरिकेत २०२४ पासून खोटे अभिप्राय विकणे आणि विकत घेणे याला दंड आहे. ऐच्छिक मानकाने दलाल थांबेल, असे आम्हाला वाटत नाही.

आणखी एक. आपण विकणारेच नाही, घेणारेही आहोत. बियाण्याचे दुकान, जिनिंगचा वजनकाटा, ट्रॅक्टरचे गॅरेज, सगळे त्याच नकाशावर आहेत आणि त्यांच्याखाली आपल्यापैकी कोणी काही लिहिलेले क्वचितच दिसते. पावती हातात ठेवून खरे तेवढे लिहावे, चांगल्या दुकानदाराचे चांगलेही लिहावे. बियाणे उगवले नाही तर मात्र ताऱ्यांवर राग काढून भागत नाही. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा लागतो, बियाण्याची पिशवी आणि पावती जपून.

हुरडा डिसेंबरात सुरू होतो. नकाशावरची नोंद, फोटो आणि फोन नंबर नोव्हेंबरातच तपासून ठेवावेत. गेल्या साली बदललेला नंबर अजून तिथे तसाच असतो.